डूम : दुसऱ्यांसाठी जागा ठेवलेला गेम

मित्रहो, विषय जाहीर झाल्यावर दोन पालकांनी मला विचारलं, ‘मारामारीच्या गेमवर व्याख्यान कशाला?’ प्रश्न रास्त आहे. ‘डूम’ या कॉम्प्युटर गेममध्ये रक्त आहे, सैतान आहेत, चेनसॉ आहे. जर्मनीत १९९४ पासून २०११ पर्यंत तो मुलांना विकायला मनाई होती. १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड करणारी मुलं हा गेम खेळत असत, त्यावरून अमेरिकेत केवढं वादळ उठलं. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, असंच माझंही मत आहे. पण गेली कित्येक वर्षं मी प्रोग्रॅमिंग शिकवताना या गेमचा कोड वर्गात उघडतो, आणि दर वेळी मला तो नव्याने आवडतो. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

टेक्सासमधल्या डॅलसजवळ मेस्क्वीट नावाचं गाव आहे. तिथे १९९३ साली ‘इड सॉफ्टवेअर’ या कंपनीची मूठभर माणसं एका काळ्या काचेच्या इमारतीत बसून हा गेम लिहीत होती. प्रोग्रॅम लिहिणारा जॉन कार्मॅक २३ वर्षांचा, लेव्हल रचणारा जॉन रोमेरो २६ वर्षांचा. आदल्याच वर्षी त्यांचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ हा गेम गाजला होता. पण त्यात सगळ्या भिंती सारख्या उंचीच्या, सगळे कोपरे काटकोनात. आता त्यांना तिरक्या भिंती, जिने, खालीवर होणाऱ्या फरश्या हव्या होत्या, आणि समोर मशीन होतं ३८६ आणि ४८६, म्हणजे त्या काळातले साधे पीसी. वेगळं ग्राफिक कार्ड वगैरे विचारूच नका.

अडचण अशी, की पडद्यावर चित्र काढायचं तर कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे, हे प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं. कार्मॅकने १९८० सालच्या एका शोधनिबंधातली कल्पना उचलली. इमारतीचा नकाशा घ्या आणि त्यावर एक रेघ मारा. तुम्ही रेघेच्या अलीकडे उभे असाल, तर पलीकडची कुठलीही भिंत अलीकडच्या भिंतीला झाकू शकत नाही. झाकलं तर अलीकडचंच पलीकडच्याला झाकेल. मग त्या दोन भागांतही रेघा मारा, पुन्हा त्यांच्या भागांत, तुकडे पुरेसे लहान होईपर्यंत. हे सगळं काम लेव्हल बनवतानाच, एकदाच करून ठेवायचं. खेळताना मशीनने प्रत्येक रेघेपाशी एवढंच विचारायचं, ‘खेळणारा कुठल्या बाजूला आहे?’ आणि जवळच्या भिंतीपासून रंगवत जायचं. पडदा ३२० उभ्या ओळींचा. त्या भिंतींनी भरल्या, की मागच्या भिंतींकडे बघायचंसुद्धा नाही. मी हे फळ्यावर काढून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वाकून बघतात.

याची किंमत मोजावी लागलीच. डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली येऊ शकत नाही. सगळं एका सपाट नकाशावरून उभं केलेलं. पण पहिल्या लेव्हलमध्ये शिरलात, की ते जाणवत नाही. सुरुवातीच्याच दालनाला खिडकी आहे. बाहेर हिरवं विषारी पाणी, डोंगर, आणि मधोमध निळं चिलखत ठेवलेलं. दिसतंय, पण वाट सापडत नाही. त्या खिडकीपाशी मी पहिल्यांदा थांबलो, आणि ही खरीखुरी जागा आहे असं मला वाटलं. जागा दाखवून ओढ लावायची, हे रोमेरोचं कसब.

आणि हातकाम तर बघा! कंपनीतला चित्रकार एड्रियन कार्मॅक (जॉनचा नातेवाईक नव्हे) याने सैतानांचे मातीचे पुतळे घडवले, त्यांचे चहूबाजूंनी फोटो काढून ते संगणकात घेतले. बंदुका खेळण्यांच्या दुकानातल्या. त्या धरणारा हात केव्हिन क्लाउड या सहकाऱ्याचा.

१० डिसेंबर १९९३ ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर गेम चढवायचा होता. पण वाट बघणाऱ्यांची तिथे इतकी गर्दी झाली होती, की चढवणाऱ्यालाच आत शिरता येईना. एका वेळी किती जण आत येऊ शकतात ती मर्यादा वाढवावी लागली, आणि नंतर तो सर्व्हर कोसळलाच. पहिला भाग, म्हणजे नऊ लेव्हल, फुकट. वाटा, कॉपी करा, मित्राला द्या. उरलेले दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवा. नेटवर्कवर चौघांना एकमेकांशी खेळता येत होतं. त्याला रोमेरोने ‘डेथमॅच’ हे नाव दिलं. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संदेश नेटवर्कवरच्या सगळ्याच मशिनांकडे जायचा, त्यामुळे विद्यापीठांची नेटवर्कं तुंबली. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. ‘वुल्फेनस्टाइन’च्या फायली उचकटून लोकांनी त्यात आपली चित्रं घातली होती. हे बघून दुसऱ्या कुणी कुलूप लावलं असतं. जॉन कार्मॅकने डूमच्या लेव्हल, चित्रं, आवाज सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळं काढून एका फाइलीत ठेवलं. तिचं नाव ‘वॅड’. ‘व्हेअर्स ऑल द डेटा?’ याची ती आद्याक्षरं. मूळ फाइल न मोडता आपली वॅड वरून जोडता येईल, अशी सोय. कंपनीतल्या काहींना याची धास्ती वाटत होती, तरी त्याने ते केलं. दोन महिनेही झाले नव्हते, तोवर न्यूझीलंडमधून लेव्हल बनवायचं साधन लोकांच्या हाती आलं. १९९६ च्या ‘फायनल डूम’मधल्या लेव्हल तर चाहत्यांनीच बनवलेल्या, कंपनीने त्या विकत घेऊन बाजारात आणल्या. अमेरिकन मरीन सैन्याने सरावासाठी आपली वेगळी आवृत्ती केली.

डिसेंबर १९९७ मध्ये कोडही खुला झाला. डॉस या तेव्हाच्या पीसीवरच्या प्रणालीसाठीच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्यांच्या मालकीचा, म्हणून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीची आवृत्ती दिली गेली. १९९९ मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला, म्हणजे कुणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा. कोड बहुतेक सगळा सी भाषेत, नीट मांडलेला. त्यामुळे आज तो कॅमेऱ्यावर, प्रिंटरवर, कॅल्क्युलेटरवरही चालतो. वर्गातल्या मुलांना मी त्यात एखादा आकडा बदलायला सांगतो, म्हणजे सैतानाचा वेग किंवा बंदुकीचा मारा. दहा मिनिटांत कुणीतरी ओरडतं, ‘सर, चाललं!’

रोमेरो अजून या गेमसाठी लेव्हल बनवतो. २०१९ मध्ये त्याने मूळ डूमसाठी ‘सिजिल’ नावाचा नऊ लेव्हलचा नवा भाग दिला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा त्याने ‘डूम टू’साठी एक नवी लेव्हल केली, पाच युरोला विकायला ठेवली, आणि येणारे पैसे रेडक्रॉस आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीला दिले. नाव ठेवलं ‘वन ह्युमॅनिटी’. तीही एक वॅड फाइलच. जोडायची आणि खेळायची.