हार्मोनची गोळी नकोशी होते तेव्हा

नमस्कार. गेली चार वर्षं मी रोज रात्री जेवण झालं की ही गोळी घेते. (गोळ्यांची स्ट्रिप दाखवते) लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅम. स्तनातली गाठ काढली, रेडिएशन झालं आणि मग ५ वर्षांसाठी ही मागे लागली. दुसऱ्या वर्षी कुणालाही न सांगता मी ती ३ आठवडे बंद ठेवली होती. सकाळी मूठ वळायची नाही, कुकरचं झाकण बसवता यायचं नाही, भाकरी थापणं तर दूरच. कॅन्सर कुठे दिसत नव्हता, बोटं मात्र रोज दुखत होती. तुमच्यातही कुणी गुपचूप गोळी थांबवली असेल, तर आज जरा माझ्याजवळ बसा.

आधी नावाचा गोंधळ. हिला हार्मोन थेरपी म्हणतात, पण हिच्यातून हार्मोन मिळत नाही, उलट त्याची रसद तुटते. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ असेल, तर तुमच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसल्या जात होत्या. टॅमोक्सिफेन ही गोळी त्या इस्ट्रोजेनला पेशीच्या दारातच अडवते. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या ते बनूच देत नाहीत. पाळी चालू असेल तर या एकट्या पुरत नाहीत, सोबत अंडाशयाचं काम थांबवणारं इंजेक्शन लागतं.

आता फायदा. ५ वर्षं टॅमोक्सिफेन घेतली, तर त्या काळात कॅन्सर उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि १५ वर्षांच्या हिशेबात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. म्हणजे गोळी संपल्यावरही तिचा उपयोग चालू राहतो.

पण निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? समजा, गोळी न घेता १०० जणींपैकी १० जणींचा कॅन्सर उलटणार होता. निम्मं म्हणजे ५ जणींचा टळला. आणि कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) पोचलेला असेल, १०० पैकी ४० जणींचा उलटणार असेल, तर २० जणींचा टळला. गोळी तीच, सांधेदुखी तीच, पदरात पडणारं माप मात्र चौपट. म्हणून डॉक्टरांना असं विचारा: ‘माझ्यासारख्या १०० बायकांत या गोळीने किती जणींचा कॅन्सर टळतो?’ मी हे तिसऱ्या वर्षी विचारलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? टॅमोक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो. क्वचित रक्ताची गुठळी होते, आणि पाळी गेलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर थोडा वाढतो. ५ ऐवजी १० वर्षं घेणाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात पुढच्या १० वर्षांत तो १०० पैकी साधारण ३ जणींना झाला. ५ वर्षांनी थांबलेल्यांत दीड टक्क्याच्या आसपास. पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी दाखवा. एकाच पायाला सूज, पोटरीत कळ किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

वाफांवर औषधं आहेत. पण टॅमोक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची, कधी वाफांवरही दिली जाणारी औषधं यकृतात तिच्या कामात अडथळा आणतात, म्हणून कुठलीही नवी चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, हेही सांगा. लाजून आपण हाच त्रास सगळ्यात जास्त लपवतो.

माझ्या गोळीचा मार सांध्यांवर आणि हाडांवर. हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीलाच करायची आणि मधून मधून परत करायची. सांध्यांसाठी ‘चाला’ म्हटल्यावर मला रडू आलं होतं. पण येल विद्यापीठाच्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलणं, एवढ्यावर वर्षभरात दुखणं सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून सुरुवात केली. त्याने भागलं नाही तर डॉक्टर स्वतः काही आठवडे गोळी थांबवून बघतात, मग त्याच गटातली दुसरी देतात किंवा टॅमोक्सिफेनवर आणतात. एक सोसली नाही तरी दुसरी बऱ्याच जणींना सोसते. मी चोरून केलं तेच डॉक्टरांच्या नजरेखाली करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी ५ वर्षं पूर्ण होतील. तेव्हा थांबायचं की गोळी पुढेही चालू ठेवायची, हा प्रश्न आहे. ५ वर्षं गोळी घेऊन थांबलेल्या आणि तोवर बऱ्या असलेल्या बायकांचा २० व्या वर्षापर्यंत मागोवा घेतलाय: गाठ लहान आणि काख स्वच्छ (म्हणजे काखेत कॅन्सर नाही) असलेल्यांत १३ टक्के जणींचा कॅन्सर शरीरात दुसरीकडे उलटला, गाठ मोठी आणि काखेतल्या ४ ते ९ गाठींत कॅन्सर असलेल्यांत ४१ टक्के जणींचा. माझी गाठ लहान होती, काख स्वच्छ होती आणि डेक्साचा आकडा घसरलाय. त्यामुळे माझा कल थांबण्याकडे आहे. काखेत गाठी निघाल्या असत्या, तर याच दुखऱ्या बोटांनी मी पुढचीही स्ट्रिप फोडली असती. निर्णय झाला की सांगते.