कामावर असताना गेलेली माणसं

नमस्कार मंडळी!

फराळ अजून पोटात आहे आणि मला ख्रिस्ती संतांवर बोलायला उभं केलंय. हा आग्रह आपल्या कमिटीतल्या वसईकर ताईंचा. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, यंदाचा मेळावा त्याच्याच आगेमागे आला, आणि इंदूरची एक ख्रिस्ती बाई हाताशी आहे, एवढं त्यांना पुरलं. पण गंमत अशी की आमच्या घरी संतांचे सण कधी झालेच नाहीत. आम्ही प्रोटेस्टंट, मूळचे नगरकडचे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदुरात आलं, १८८७ साली तिथलं क्रिश्चियन कॉलेज निघालं, आणि मिशनच्या नोकरीमागे आमचे पणजोबा तिकडे गेले. आता आम्ही कॅनडात आलोय, फिट्टंफाट! घरात मराठी बायबल, मराठी भजनं आणि मोहल्ल्यात हिंदी. आजीला विचारलं संत कोण, तर ती तुकोबांचं नाव घ्यायची. संतांच्या तसबिरी मात्र तिला अजिबात खपत नसत.

त्या तसबिरींबद्दल माझीही एक तक्रार आहे. मारायला जे वापरलं तेच त्या माणसाची ओळख म्हणून रंगवलेलं असतं. स्तेफनजवळ दगड, लॉरेन्सच्या हातात लोखंडी जाळी, सेबॅस्टियनच्या अंगात बाण. बघणाऱ्याला कळतं की हे कसे मेले. त्याच्या आदल्या आठवड्यात ते काय करत होते, हे मात्र कुणी काढत नाही. मी आज तेवढंच विचारणार आहे.

स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेला. त्याचा दिवस २६ डिसेंबर, ज्या दिवशी आपण इथे बॉक्सिंग डेच्या सेलला रांगा लावतो. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडून बघा. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, विधवांना रोज अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली की वाटपात आमच्याच विधवांना डावलतात. जेवणावरून आणि भाषेवरून भांडण! मंडळाचा कारभार केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मग वाटपासाठी सात माणसं निवडली, त्यात पहिलं नाव स्तेफनचं. पुढे तो न्यायसभेपुढे जे बोलला त्यावरून त्याला दगडांनी मारलं, हे खरंच. पण त्याला नेमलं होतं ते वाढपाच्या कामाला.

लॉरेन्सकडे पैशाचा हिशेब. रोममध्ये तिसऱ्या शतकात तो डीकन होता, म्हणजे मंडळीचा पैसा आणि गरिबांची मदत त्याच्या हाती. सम्राट व्हॅलेरियनच्या हुकुमावरून ६ ऑगस्ट २५८ ला पोप सिक्स्तस दुसरे मारले गेले, चार दिवसांनी लॉरेन्स. परंपरा सांगते की खजिना आणून दे म्हटल्यावर त्याने शहरातले गोरगरीब, लंगडे-आंधळे गोळा करून समोर उभे केले. जाळीवर भाजताना ‘ही बाजू झाली, आता पालटा’ म्हणाला, तीही गोष्ट त्याचीच, आणि म्हणून तो स्वयंपाक्यांचा कैवारी संत! अभ्यासकांना ती जाळी फारशी पटत नाही, बहुधा शिरच्छेद झाला असावा म्हणतात. मला जाळीविना चालेल. गरिबांची रांग राहू द्या.

आता वसईकरांचा माणूस. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांच्या हाताखाली शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी उचलली की धर्मशिक्षण देऊ लागला. पण संघात प्रवेश काही मिळेना. मग त्याने सरळ व्यापार धरला. मला हा भाग फार आवडतो. संतचरित्रात मधली काही वर्षं दुकानदारीची असावीत, यात मला तरी कमीपणा दिसत नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने त्याला घेतलं, तेही फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. १५९३ साली मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी वकिलात गेली. तिला दुभाषा हवा होता, आणि वसईचा हा मुलगा स्पॅनिशांच्या बाजूने जपानी बोलायला उभा राहिला.

चार वर्षांत वारं फिरलं. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज किनाऱ्याला लागून फुटलं, त्यावरून संशय वाढला आणि गोन्सालोसकट ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात त्यांना चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला एका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १८६२ साली सगळ्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत, आणि आपल्यातल्या कितीजणांना शाळेत त्याचं नाव कानावर आलं होतं? जाता जाता आमच्या इंदूरचा धागा: १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते. तेव्हा वसईकर ताई, आपलं नातं जुनं आहे, जरा तलवारीचं आहे एवढंच!

पण मी आले आहे ते माझ्या गावच्या बाईची गोष्ट सांगायला.

राणी मारिया वट्टालिल. जन्म २९ जानेवारी १९५४, केरळातलं पुल्लुवळी गाव. क्लेरिस्ट सिस्टर, म्हणजे त्या संघातली नन. आधी बिजनौर, मग सतन्याकडे, आणि १९९२ पासून उदयनगर. ते गाव देवास जिल्ह्यातलं, पण बाजारहाट, दवाखाना, पुढची गाडी, सगळ्यासाठी इंदूरकडेच तोंड. आजूबाजूला आदिवासींची गावं. तिथे शेतकरी बियाण्याला, आजारपणाला, लग्नाला सावकाराकडून पैसे उचलायचा आणि मग पीक हातात येण्याआधीच गहाण. या बाईंनी काय केलं? लोकांना बँकेत नेलं. कर्जाचा अर्ज कसा भरायचा, सरकारी योजना कुठली, कागद कुठला लागतो, साहेबासमोर काय बोलायचं. ज्या माणसाने बँकेची पायरी कधी चढलेली नाही त्याच्या शेजारी उभं राहणं, हे काम. यात चित्र काढण्यासारखं काहीच नाही, आणि सावकारांना बोचलं ते नेमकं हेच.

२५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. उदयनगरहून इंदूरला येणारी सकाळची बस. पुढे त्यांना केरळला घरी जायचं होतं. वाटेत नाचनबोरच्या डोंगराजवळ ज्याला सुपारी दिली होती त्या तरुणाने त्यांना चाकूने भोसकलं. अंगावर पन्नासच्या वर जखमा. आधी वाटेत त्याने गाडी थांबवून नारळ फोडला आणि उतारूंना खोबरं वाटलं, असं सांगतात. गाडी भरलेली होती. कुणी मधे पडलं नाही. त्या रस्त्याच्या बसमध्ये मी बसलेली आहे, दोन बाकांमध्ये माणूस आडवा व्हायला जागा नसते. म्हणून ‘कुणी पाहिलं नाही’ असं कुणी म्हटलं तर ते मला तरी पटत नाही. पण मी त्या बसमध्ये नव्हते, तेव्हा त्यांना बोल लावायचा हक्कही मला नाही.

यापुढचं सगळे क्षमेची गोष्ट म्हणून सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात. मला त्यातही मेहनतच दिसते. त्या तरुणाला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. मग २००२ च्या राखीला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीला मारणाऱ्याच्या मनगटाला राखी बांधून आली. पण राखीने दार उघडत नाही. सुटकेसाठी अर्ज लागतो. त्या अर्जावर घरच्यांनी सह्या केल्या, तो सरकारदरबारी फिरला, आणि २००६ साली माणूस सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. माझ्या आजीला तसबिरी नको असायच्या, पण हे चित्र कुणी काढलंच तर मी भिंतीवर लावीन.

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित म्हणून घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. रोमहून कार्डिनल अँजेलो अमातो आले होते. त्यांचा सण २५ फेब्रुवारी. समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण इंदूरला उतरतात, राजवाडा, सराफा, पोहे-जिलबी होतेच. एक दिवस उदयनगरला काढा. आणि माघारी येताना मुंबईत विमान लांबलं तर वसईच्या ताईंना फोन करा, गोन्सालोच्या गास गावातल्या चर्चला त्या स्वतः घेऊन जातील. मी त्यांना विचारूनच हे बोलतेय.