बोलणं बिघडलं, पण कधीपासून?

नमस्कार. 'अस्पष्ट बोलण्याची वैद्यकीय कारणं' असा विषय मला दिलाय. सगळी कारणं ओळीने वाचून दाखवली तर तास सहज भरेल, आणि बाहेर पडेपर्यंत तुमच्या त्यातलं काहीही लक्षात राहणार नाही. त्यापेक्षा असा माणूस समोर आला की आम्हा डॉक्टरांचं डोकं कसं चालतं, ते सांगतो. नातेवाईक सांगतात ते 'कसं' बोलतोय ते: जीभ जड झालीये, शब्द एकमेकांत मिसळतात, नाकातून बोलतात, पुटपुटतात. ते आम्ही ऐकतोच. पण आमचा पहिला प्रश्न असतो, 'कधीपासून?' निम्मं निदान त्या उत्तरात असतं.

त्याआधी थोडं यंत्राबद्दल. शाळेत आपण क, च, ट, त, प हे वर्ग पाठ केले. ही मांडणी तोंडातल्या जागांची आहे. घशापासून निघून आपण ओठांपर्यंत येतो. आम्ही तपासताना नेमकं हेच वापरतो. 'प प प' म्हणायला लावलं की ओठ कळतात, म्हणजे चेहऱ्याची नस कळते. 'त त त'ने जिभेचं टोक, 'क क क'ने जिभेची मागची बाजू. मग 'पतक, पतक, पतक' असं भरभर म्हणायचं. लहान मेंदू, म्हणजे हालचालींचा मेळ राखणारा मेंदूचा मागचा भाग, बिघडला असेल तर सुटी अक्षरं बऱ्यापैकी येतात, पण ओळीने म्हणताना लय तुटते. एक अक्षर जोरात, पुढचं हळू, मध्येच थांबा.

माझी आवडती तपासणी 'बाबा' आणि 'मामा'ची. दोन्ही शब्दांत ओठांची हालचाल तीच. फरक एवढाच की 'म'ला हवा नाकातून सुटते आणि 'ब'ला मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. टाळूच्या स्नायूंत जोर नसला की माणूस 'बाबा' म्हणतो आणि आपल्याला 'मामा' ऐकू येतं. अशा वेळी मी त्याचं नाक चिमटीत धरतो आणि पुन्हा 'बाबा' म्हणायला सांगतो. आवाज बदलला, तर हवा नाकातून गळतेय हे नक्की. निरोगी माणसाच्या 'बाबा'त नाक धरल्याने काही फरक पडत नाही. घरी जाऊन करून बघा.

आता एक फरक, ज्यात सुशिक्षित माणसंही गोंधळतात. उच्चार बिघडणं वेगळं, भाषा बिघडणं वेगळं. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने एका रुग्णाची हकीगत मांडली. त्या माणसाला समोरच्याचं बरंच कळायचं, पण तोंडातून 'तां' याखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार दाखवला: अस्खलित, पण अर्थ न लागणारं बोलणं. घरच्या घरी फरक ओळखायचा तर माणसाला लिहायला सांगा. हात चालतोय आणि लिहिलेलं वाक्य बरोबर आहे, तर भाषा शाबूत आहे, अडचण स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या हुकमात आहे. लिखाणही भरकटलं असेल, तर भाषेवरच घाला पडलाय. यांतलं कोणतंही अचानक घडलं असेल तर घाई मात्र सारखीच.

तर, अचानक. म्हणजे चहाचा पहिला घोट घेताना नीट बोलत होते आणि कप संपेपर्यंत बोबडं बोलू लागले, इतकं अचानक. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हा पक्षाघात समजायचा. तोंड एका बाजूला ओढलंय का, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली येतोय का, ते बघा. पण ते दिसत नाही म्हणून थांबू नका. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो, पण त्या भरवशावर घरी बसायचं नसतं.

हे घड्याळ कुठून मोजायचं, ते नीट ऐका. तुम्हाला ते कळलं तेव्हापासून नव्हे. माणूस शेवटचा नीट बोलताना कोणी पाहिला, तेव्हापासून. रात्री १० ला बरा झोपला आणि सकाळी ६ ला उठला तो बोबडं बोलतच, तर आमच्या कागदावर वेळ रात्री १० ची पडते. म्हणून रुग्णाबरोबर त्याला शेवटचं पाहिलेला माणूस यावा, निदान त्याचा फोन तरी लागावा. वाटेत पाणी पाजू नका. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच असतात, पाणी श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिनही देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

आणि अर्ध्या तासात बोलणं पूर्ववत झालं तर? तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. असा येऊन गेलेला झटका मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकतो, आणि धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. 'आता बरं वाटतंय ना, मग सोमवारी बघू' या वाक्याने आमच्याकडे फार नुकसान केलंय.

पक्षाघाताची हुबेहूब नक्कल करणारी एक गोष्ट म्हणजे रक्तातली साखर उतरणं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत ती १०० मिलीलीटरमागे ७० मिलीग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, आणि मग जड जीभ. बोटाला सुई टोचून मिनिटभरात कळतं. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर साखर द्यावी; गुंगीत असेल तर तोंडातून काहीही नाही. अशा माणसाला रस्त्यावर लोक दारुडा समजून सोडून जातात. खरोखर प्यायलेल्याबद्दलही एक सांगतो: दारूचा वास आला म्हणजे निदान झालं, असं नाही. प्यायलेला माणूस पडतो, डोक्याला मार लागतो, त्यालाही पक्षाघात होतो.

जीभ किंवा ओठ सुजून बोलणं बिघडलं, तर प्रश्न मेंदूचा नसून श्वासाचा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं, कधी गोळी सुरू होऊन वर्षं उलटल्यावर. तिथे थेट आपत्कालीन विभाग.

आता 'कधीपासून' या प्रश्नाचं सर्वांत चकवणारं उत्तर: 'रोज संध्याकाळी.' सकाळी बोलणं स्वच्छ, दुपारनंतर नाकातून, रात्री तर समजतच नाही. हा रुग्ण सकाळच्या ओपीडीत येतो तेव्हा ठणठणीत असतो, आणि 'टेन्शन घेऊ नका' हे ऐकून परत जातो. मी त्याला १ ते ५० आकडे मोठ्याने म्हणायला लावतो. वीसपर्यंत काही कळत नाही. तिशीत आवाज नाकात शिरतो, चाळिशीत अक्षरं विरघळू लागतात, पापण्या उतरतात. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा सुरुवात केली की 'एक, दोन, तीन' पुन्हा खणखणीत. याला मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. नसेचा हुकूम स्नायूवरच्या ज्या ग्राहकांना, म्हणजे हुकूम झेलणाऱ्या रिसेप्टरना, पोचायचा, त्यांच्यावर शरीराचीच प्रतिपिंडं हल्ला करतात. औषधं चांगली आहेत. यात श्वास अपुरा पडू लागला तर मात्र तातडीने दाखल करावं लागतं.

'चार-आठ दिवसांपासून' असं उत्तर आलं की मी औषधांची पिशवी रिकामी करायला लावतो. फिट्सचं फेनिटॉइन एका मर्यादेपलीकडे गेलं की डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. माणूस झोकांड्या खातो, जीभ अडखळते. मनाच्या आजारात दिल्या जाणाऱ्या लिथियमचंही तसंच, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं किंवा काही वेदनाशामकं सुरू झाली, की ते साठतं. वयस्कर माणसांत आणखी एक विचारतो: महिन्या-दोन महिन्यांत कुठे डोकं आपटलं होतं का? किरकोळ म्हणून विसरलेल्या मारानेही कवटीखाली हळूहळू रक्त साचतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर.

महिनोन्‌महिने चाललेल्या तक्रारी वेगळ्या. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या आजारात आवाज खाली खाली जातो, एकसुरी होतो. गंमत म्हणजे रुग्णाला ते जाणवत नाही. तो सांगतो, 'हिलाच कमी ऐकू येतं.' मोठ्याने बोलण्याचा पद्धतशीर सराव केला की फरक पडतो. जिभेच्या पृष्ठभागावर स्नायू आपोआप फडफडताना दिसले, ती बारीक झाली असेल आणि गिळायलाही त्रास असेल, तर चेतापेशी झिजवणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराची शंका येते. ते सांगणं कठीण असतं. आणि विशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी अस्पष्ट बोलू लागली, तर आम्ही विल्सनचा आजार शोधतोच. १९१२ मध्ये किनियर विल्सन यांनी तो वर्णिला. त्यात शरीरात तांबं साठतं, बुबुळाच्या कडेला तपकिरी वलय दिसू शकतं. आजार दुर्मीळ आहे, पण उपचार आहे, म्हणून तो निसटला तर मला माफी नाही.

सैल कवळी, तोंडातले व्रण, थायरॉइड मंदावून जाड झालेली जीभ, हीही कारणं. ती बघितल्यावर लगेच सापडतात.

एका ताईंची चिठ्ठी आलीय: 'वडिलांना पक्षाघातानंतर बोलायला वेळ लागतो. त्यांचं वाक्य आम्ही पूर्ण करावं का?' ताई, आधी थांबा. टीव्ही बंद करा, समोर बसा, आपल्या मनात दहापर्यंत मोजा. ते स्वतःच मदत मागतील तेव्हा पहिलं अक्षर विचारा, किंवा 'हो-नाही'त उत्तर येईल असा प्रश्न करा. कळलं नसताना 'हो हो, कळलं' म्हणू नका, त्यांना ते लगेच ओळखू येतं. जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवा: 'बँकेच्या कागदाचं म्हणताय, पण कोणता कागद?' मग त्यांना अख्खं वाक्य पुन्हा बोलावं लागत नाही, अडलेला तेवढा शब्द बोलावा लागतो.