तूसाँ: सणावरून पडलेलं आडनाव

श्रोतेहो, नमस्कार.

मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, बुधवारी जन्मला तो बुधा. आपल्या खेड्यापाड्यांत अशी नावं सर्रास असत. फ्रान्समध्ये असंच एक नाव पुढे आडनाव झालं आणि समुद्र ओलांडून हैतीत घरोघरी पोचलं. ते नाव तूसाँ. शेवटचा सूर नाकातून सोडायचा. स्पेलिंगच्या अखेरीस 'टी' दिसतो, पण तो मुका.

फ्रेंचमध्ये 'तू' म्हणजे सगळे आणि 'साँ' म्हणजे संत. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. त्या सुमारास जन्मलेल्या पोराचं नाव तूसाँ, आणि मध्ययुगात बापाचं नाव मुलांना आडनाव म्हणून चिकटू लागलं. १५३९च्या राजाज्ञेने पाद्र्यांना बाप्तिस्म्याची वही ठेवणं भाग पडलं, तेव्हा ते पक्कं झालं. आज या आडनावाची दाट वस्ती ईशान्य फ्रान्सच्या लोरेनमध्ये आणि शेजारच्या बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात आहे. नाताळावरून पडलेलं नोएल हे त्याचंच भावंड.

हैतीतली वाट वेगळी. हैती तेव्हा सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती, आणि तिथे गुलामाला आडनाव नव्हतंच. फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांसाठी केलेल्या १६८५च्या 'काळ्या कायद्या'ने त्याचा बाप्तिस्मा सक्तीचा केला, त्यातून एक ख्रिस्ती नाव मिळे, बस्स. मळ्याच्या यादीत एकेका ओळीत नाव, वय, काम, किंमत. मुक्त झालेल्यांचीही कोंडी होतीच: १७७३च्या नियमाने त्यांना गोऱ्यांचं आडनाव लावायला बंदी केली. आफ्रिकी भाषेतलं घ्या, नाहीतर धंद्यावरून किंवा रंगावरून घ्या, असा हुकूम. गुलामी संपल्यावर बापाचं एकुलतं नावच मुलांचं आडनाव झालं. हैतीत ज्याँ, पिएर, जोसेफ, शार्ल, लुई ही आडनावं इतकी का, याचं उत्तर बव्हंशी इथे आहे. तूसाँही त्याच रांगेतलं.

आता सगळ्यात मोठी गफलत. तूसाँ आडनावाचा माणूस भेटला की लोक त्याला तूसाँ लुव्हेर्त्युरचा, म्हणजे हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीच्या पुढाऱ्याचा, वंशज ठरवून मोकळे होतात. पण त्या सेनानीचं तूसाँ हे पाळण्यातलं नाव. ब्रेदा मळ्यावरचा म्हणून आधी तूसाँ ब्रेदा, मग २९ ऑगस्ट १७९३च्या जाहीरनाम्यात लुव्हेर्त्युर. त्याच्या मुलांनी लावलं तेही लुव्हेर्त्युरच. त्याचा जन्म १ नोव्हेंबरचाच, हेही नुसत्या नावावरून ठरवू नये. २० मे ही तारीखही सांगितली जाते.

मूळ शोधायचं तर मागे मागे जा. फ्रान्सपुरतं १७९२नंतर नगरपालिकेचे दाखले, त्याआधी चर्चच्या वह्या. आधी दर दहा वर्षांची सूची चाळा, त्यात साल सापडलं की मूळ दाखला काढा. वसाहतीच्या नोंदींची दुसरी प्रत १७७६च्या आज्ञेमुळे फ्रान्सला जाऊ लागली. ती आता एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अभिलेखागारात आहे.

घोटाळा होतो तो सूचीत. 'तूसाँ पिएर' अशी नोंद आली, तर नाव कुठलं आणि आडनाव कुठलं? त्या एका ओळीवरून निकाल देऊ नका. त्याच बापाच्या आणखी दोन-तीन मुलांचे दाखले काढा. सगळ्यांपुढे तूसाँ आलं तर ते आडनाव. एकाच पोरापुढे आलं तर बहुधा बाळ नोव्हेंबरच्या सुरुवातीचं असेल. जन्मतारखेचा रकाना बघून घ्या.