वैशाखातली वाडी

(दृश्य: विहीर. पंपाचा आवाज. डोणीत पडणारं पाणी.)

श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्राकाठचं एक गाव. सकाळचे सहा वाजलेत. चहा नंतर, आधी शिंपणं.

विहिरीचं पाणी पहिल्यांदा या चिऱ्याच्या डोणीत येतं आणि डोणीतून पाटात. पाट मातीचाच. पावसाळ्यात तो मोडतो आणि दिवाळीनंतर पुन्हा बांधून घ्यावा लागतो. तेव्हापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत या घरात पाण्याची पाळी चुकत नाही. एक दिवस वरची वाडी, म्हणजे माड-पोफळीची बाग, दुसऱ्या दिवशी खालची. घरच्या काकू खोऱ्याने मातीचा छोटा बांध फोडतात, पाणी पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, आळ्यात शिरतं, आळं भरलं की तीच माती पुन्हा लावायची आणि पुढचं आळं. पाणी किती झालं ते मोजायला इथे काही नाही. मातीचे बुडबुडे थांबले की पुरे, असं काकू सांगतात.

विहिरीच्या कडेला हे दोन दगडी खांब दिसतायत, ते रहाटाचे. पंप यायच्या आधी लाकडी चाकावर पोहऱ्यांची माळ असायची. रेडा गोल फिरायचा, भरलेले पोहरे वर यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे आणि परत खाली जायचे. रहाटाची करकर पहाटे चार वाजता सुरू व्हायची. घरातल्या म्हाताऱ्या आबांना तो आवाज अजून तोंडाने काढता येतो. त्यांनी तो काढून दाखवला.

(दृश्य: आबा. आवाज त्यांचाच. मग वाडीतून वर बघणारा कॅमेरा.)

आता वर बघा. सगळ्यात उंच माड, त्यांच्या खाली पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरी, मध्येच जायफळाचं झाड, आणि अगदी खाली केळी, अळू, कर्दळ. एकाच पाटाचं पाणी एवढ्या मजल्यांना पुरतं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं असताना इथे मातीवर अनवाणी चालता येतं, ते या मजल्यांमुळे. जायफळाला आणि मिरीला सावली लागतेच. पोफळीलाही लहानपणी लागते.

अंगणात वाळतायत त्या सुपाऱ्या. हिवाळ्यात पाडलेल्या, सालासकट दीड महिना ऊन खाल्लेल्या. हलवली की आत खुळखुळते, मग ती सोलायची. श्रीवर्धनचा रोठा म्हणून बाजारात जिला मान आहे, ती हीच सुपारी. श्रीवर्धनात सुपारीचं संशोधन केंद्रही आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. सोलायचं काम बायकांचं आणि दुपारचं. इथे गप्पा आम्ही मुद्दाम तशाच ठेवल्यात, त्यात कुणाच्या लग्नातल्या जेवणाची निंदा आहे.

(दृश्य: रातांबे. लाल झालेले हात. बराच वेळ.)

आणि हे रातांबे, कोकमाची फळं.

मे महिन्याच्या मध्यावर ते पिकायला लागतात आणि मग घराला दुसरं काम सुचत नाही. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं, कारण आमसूल उन्हाशिवाय होत नाही. रातांबा मधोमध फोडायचा. साल एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे. गरावर मीठ घालून ठेवलं की त्याला रस सुटतो, तो आगळ. साली उन्हात टाकायच्या, संध्याकाळी उचलून आगळात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. पुटं किती द्यायची ते प्रत्येक घराचं वेगळं, पण कंटाळून एखादं कमी दिलं की पुढे वर्षभर आमटीत कळतं. चांगलं आमसूल काळपट होतं, बोटाला चिकट लागतं आणि घडी घातली तरी तुटत नाही. बाजारात मिळणारी लालभडक, कोरडी सालं काकूंनी हातात घेऊन परत ठेवली. बोलल्या काही नाहीत, चेहरा तुम्ही पाहिलाच.

थोड्या साली बरणीत साखरेचे थर देऊन उन्हात ठेवल्या जातात. ते अमृत कोकम, मुंबईच्या नातवंडांसाठी. बियाही टाकत नाहीत. त्या वाळवून, कुटून, उकळून तेल काढतात. ते थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं आणि पावसात चिखलात राबून पडलेल्या टाचांच्या भेगांवर लागतं.

फणसाचे पापड आम्ही पोचायच्या आधीच डब्यात गेले होते.

(दृश्य: मुलं, विरी, धूळ.)

मे महिन्याची सुट्टी म्हणजे ही. पोफळीची झावळी गळून पडली की तिच्या बुडाची रुंद विरी हाताला येते. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने झावळीचं टोक धरून पळायचं. मोठी माणसं त्याच विरीची पाण्याची खोळ करतात किंवा कोवळ्या रोपाला गुंडाळतात. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायचं काम आबांचं. ते दिवसभर चालतं, कारण मधूनमधून ते झोपतात.

(दृश्य: घरच्या मोबाइलवरचं जुनं चित्रीकरण. निवेदन नाही, पडद्यावर मजकूर. वाऱ्याचा मूळ आवाज ठेवावा.)

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या दुपारचं हे चित्रीकरण. सरकारी मदत पोफळीमागे 50 रुपये आणि माडामागे 250 रुपये ठरली. बरेच दिवस वीज नव्हती, काही घरांनी वाडी तेव्हाच सोडून दिली.

वादळाने जे पाडलं ते त्या दिवशी दिसलं. जे उभं राहिलं त्याचं पुढे काय झालं, ते या खोडावर बघा. ही पांढरट, तडकलेली बाजू नैर्ऋत्येची. पोफळीचं खोड दुपारनंतरचं तिरकं ऊन सोसत नाही. म्हणून जुन्या लोकांनी वाडीच्या पश्चिमेला उंडीची झाडं आणि माड लावून ठेवले होते. ऊन अडायचं, खारा वाराही अडायचा. ती रांग वादळात गेली आणि तिच्या आड उभ्या असलेल्या पोफळी पुढच्या दोन उन्हाळ्यांत भाजल्या. भाजलेलं खोड चिरतं, आणि मग साध्या वाऱ्यातही मोडतं.

(दृश्य: रोपवाटिका. पिशव्यांतली रोपं. केळीची सावली.)

नवी लावणी अशी चालते. चांगल्या जुन्या पोफळीची पूर्ण पिकलेली सुपारी निवडायची, देठाची बाजू वर ठेवून वाळूत लावायची. कोंब आला की पिशवीत. वर्ष-दीड वर्ष रोप सावलीत वाढतं. मग पावसाच्या तोंडावर नऊ-नऊ फुटांवर खड्डे घेऊन लावायचं, आणि शेजारी केळ लावायची, पोफळ मोठी होईपर्यंत तिला सावली द्यायला. पहिला घड दिसायला पाच-सात वर्षं. तोवर त्या तुकड्यातून केळी येतात, आणि पाणी तितकंच लागतं.

पाण्याचं एक आहे. ही विहीर पुळणीतली, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतली, समुद्राजवळची. उपसा वाढला की मे महिन्यात पाणी मचूळ होतं. शेजारच्या दोन वाड्यांमध्ये आता पर्यटकांच्या खोल्या आहेत, झरा तोच. आम्हीही तिथेच उतरलो होतो. खोली थंड होती, जेवण उत्तम होतं, आंघोळीला पाणी हवं तेवढं.

(दृश्य: वाडीचा आखणी केलेला तुकडा. खुंट्या, सुतळी. काकू आणि धाकटा मुलगा.)

यंदा पूर्वेच्या तुकड्यात रोपं लागतील. खड्डे घेऊन झालेत, शेणखत पडलंय. पश्चिमेच्या बाजूला उंडी लावायची असं आबांनी ठरवलंय. धाकट्या मुलाला तिथेच दोन खोल्या काढायच्या आहेत, कारण रस्ता त्या अंगाला आहे. खुंट्या त्याने मारल्या, सुतळी आबांनी सोडून ठेवली. मृगाच्या आत काय ते ठरेल, असं काकू म्हणाल्या, आणि आगळाची बरणी उन्हातून आत घ्यायला गेल्या.