वाट नाकाची नव्हती

टोरोंटो, 1937. शहरात पोलिओची साथ आहे. मुलं रांगेनं आणली जातायत आणि डॉक्टर एकेकाच्या नाकात खोलवर झिंक सल्फेटचा फवारा मारतायत. सुमारे 5,000 मुलांना तो दिला गेला. पोलिओ थांबला नाही. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र कायमची गेली.

डॉक्टरांना वाटत होतं, विषाणू नाकातून शिरतो आणि तिथल्या नसांवरून मेंदूत पोचतो. ही समजूत आली होती माकडांवरून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी विषाणू माकडांच्या नाकात घातला, की रोग होई. पण ही ऱ्हीसस माकडं, आपल्याकडे उत्तरेत गावोगावी दिसतात ती. त्यांना तोंडावाटे पोलिओ सहसा होतच नाही! स्वीडनमध्ये कार्ल क्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1912 सालीच रुग्णांच्या आतड्यात विषाणू सापडला होता. फ्लेक्सनर यांच्या शब्दापुढे तो पुरावा बाजूला पडला. अखेर 1941 मध्ये अल्बर्ट सेबिन यांनी पोलिओनं दगावलेल्यांची शवविच्छेदनं तपासली. विषाणू आतड्यात होता. नाकातल्या नसांमध्ये नव्हता.

आतडं म्हटल्यावर एक कोडंही उलगडतं. स्वच्छ, सुधारलेल्या शहरांतच साथी का उसळल्या? पूर्वी घाण पाण्यातून विषाणू तान्हेपणीच गाठायचा, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असतानाच. पाणी स्वच्छ झालं आणि ती गाठ पुढं ढकलली गेली, मूल मोठं झाल्यावर, ती प्रतिकारशक्ती ओसरल्यावर.

काहींनी साथींचा दोष डीडीटी या कीटकनाशकाला दिला. आजही देतात. पण डीडीटी कीटक मारतं हे कळलं 1939 मध्ये, आणि एकट्या न्यूयॉर्क शहरात 2,000 हून अधिक बळी घेणारी साथ होती 1916 ची.

1955 मध्ये जोनास सॉल्क यांची, मारलेल्या विषाणूची टोचायची लस आली. त्याच वर्षी कटर या कंपनीच्या काही साठ्यांत विषाणू जिवंत राहिला आणि मुलं लुळी पडली. लशीनंच मुलं लुळी पडतात, हा आक्षेप इथं खरा होता. तो खरा मानला म्हणूनच तपासणी कडक झाली. पुढं सेबिन यांचे थेंब आले, विषाणूच्याच वाटेनं, तोंडातून पोटात.

आणि भारतात हीच वाट नडली. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन 1970 च्या दशकापासून सांगत होते: तीन डोस आपल्या मुलांना पुरत नाहीत. जुलाब, आतड्यातले इतर विषाणू, लशीतल्या पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांची आपसातली चढाओढ, यांमुळे लस आतड्यात नीट रुजत नव्हती. उत्तर प्रदेशात आठ-आठ, दहा-दहा डोस घेतलेली मुलंही लुळी पडली. अशा घरातल्या आईनं पुढच्या वेळी दार लावून घेतलं, तर तिला अडाणी म्हणणं मला पटत नाही. अफवा होत्याच, पण तिच्यासमोर तिचं मूल होतं. 2005 मध्ये एकाच प्रकारची लस आली, 2010 मध्ये दोन प्रकारांची. 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

मुंबईत 2001 पासून सांडपाण्याचे नमुने भरले जातात. परळच्या प्रयोगशाळेत त्यांत पोलिओ शोधतात. एकही मूल लुळं पडण्याआधी विषाणू तिथं दिसतो, गटारात.