लोणारच्या पाण्यात ‘खारजाळी’ जगवायची कशी?

श्रोतेहो, नमस्कार. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी आज एक कल्पित प्राणी घडवू या. नाव ठेवू खारजाळी. प्राणी खोटा, पण पत्ता खरा: बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर.

खारजाळी म्हणजे एकाच अंड्यातून कळ्या फुटत वाढलेली वसाहत. तिच्यातल्या एकेका जीवाला जीवक म्हणू. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, त्या फायसॅलियात काही जीवक शिकार करतात, काही पचवतात, काही फक्त प्रजनन करतात. वसाहतीला राणी नको आणि मेंदूही नको. नवे लेखक नेमके इथेच चुकतात.

फायसॅलियासारखा फुगा मात्र देऊ नका. बंदिस्त सरोवरात वारा त्याला काठावर ढकलेल आणि उन्हात तो वाळून जाईल. खारजाळी बेसाल्टच्या दगडाला चिकटलेली बरी. जाडी दोन मिलिमीटरच ठेवा, कारण रक्ताभिसरण नसलेल्या शरीरात प्राणवायू साधारण मिलिमीटरभरच आत झिरपतो. चुन्याचं कवचही नको. लोणारच्या पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. अशा सोडायुक्त पाण्यात कॅल्शियम साक्याच्या रूपात तळाशी बसतं. झिंग्याच्या कवचात असतं ते कायटिन चालेल. खाण्याची चिंता नाही, पाण्यात स्पिरुलिना हे सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ भरपूर आहे.

आता मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. घरी तेवढं मीठ घालून बटाट्याची चकती दोन-तीन तास बुडवा. ती लुळी पडेल, कारण पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ड्युनालिएला हे शैवाल पेशीत ग्लिसरॉल साठवून हा ताण पेलतं. खारजाळीलाही तीच युक्ती द्या, पण किंमत वसूल करा: ग्लिसरॉल बनवायला साखर खर्ची पडते. म्हणून शंभर जीवकांत साठ खाणारे, पंचवीस बाहेरचा पडदा सांभाळणारे, दहा राखणदार आणि पाचच अंडी देणारे धरा. उपासमारीत पहिली कपात अंडी देणाऱ्यांची.

उन्हाळ्यात कूलरचं पाणी उडतं आणि पांढरे क्षार वाळ्याच्या ताटीवर राहतात, तसंच सरोवराचं. पाणी निम्मं झालं की लिटरमागचे क्षार दुप्पट. 2020 च्या जूनमध्ये पाणी घटून खारटपणा वाढला तेव्हा सरोवर गुलाबी झालं होतं. तो रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. शिवाय पातळी रोज एक सेंटिमीटर उतरते असं धरलं, तर दोन मिलिमीटरच्या जीवकांच्या दिवसाला पाच नव्या ओळी खालच्या बाजूला फुटायला हव्यात. एवढी साखर आणायची कुठून? म्हणून वसाहत मुळातच उन्हाळी पातळीच्या खाली वसवा.

खरा धोका वाटतो उन्हाळ्यात, पण असतो पहिल्या पावसात. वरून गोडं पाणी येतं, पेशी ग्लिसरॉलनं गच्च भरलेल्या. पाणी आत घुसून त्या फुगतात, फुटतात. ड्युनालिएला अशा वेळी ग्लिसरॉलचा स्टार्च करून टाकते, पण त्याला थोडा अवधी लागतो. तेव्हा कथेत मृगाची पहिली सर आणलीत, तर ओढ्याच्या तोंडाजवळच्या वसाहती आधी मारा आणि खोल पाण्यातल्या, जिथे गोडं पाणी उशिरा मिसळतं, त्या जगवा.